पुसलेली घरघर

प्रिय बाबा,

‘प्रिय’ लिहिताना हात अडखळला. खोडणार होते, पण खोडाखोड तुझ्या लोकांनी पुरेशी केली आहे. म्हणून राहू दिलं.

आई होती तशीच आहे. झटका आल्यापासून उजवा हात लुळा, आणि तोंडून शब्द नाही. फालुनच्या शुश्रूषागृहात खिडकीशी बसते, डाव्या हातानं चष्मा काढते, घालते. नर्स म्हणते, “मायलिस आज खुशीत आहे हं!” कशावरून, ते मी विचारत नाही. तू एकदाही आला नाहीस. तुमचा घटस्फोट होऊन किती काळ लोटला, तुझ्यावर बंधन नाही, असं मी रोजनिशीत स्वतःला समजावते. आणि पुढच्याच ओळीत चिडते.

पण हा राग त्याचा नाही. मी नीट तपासून पाहिलं. हा राग स्टॉकहोममधल्या त्या संध्याकाळचा आहे.

रेकॉर्डच्या दुकानात तुमच्या ‘मोस्सेन’ (म्हणजे शेवाळाची दलदल) बँडची जुनी मैफल पहिल्यांदाच बाहेर येणार होती. दालचिनीचे बन होते, कॉफी होती, आणि बन खात पांढऱ्या दाढ्या तळ्याकाठच्या त्या उन्हाळ्याच्या आठवणी काढत होत्या. रेकॉर्ड कंपनीचा मेल्केर कौतुकानं सांगत होता, “मूळ टेपवर खालून सारखी एक घरघर होती. सत्तरच्या दशकातलं वायरिंग, दुसरं काय! साफ पुसली. आता कसं लोण्यासारखं वाजतंय!” आणि तू म्हणालास, “वा, पोरा, किती स्वच्छ!”

मी म्हणाले, “ती घरघर माझी आई आहे.” सगळे हसले. तू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, “आमची हेड्डा जरा हळवी आहे. शेवाळात वाढलेली ना!” पुन्हा हशा.

बाबा, तुला माहीत होतं. तुमची एकेक मैफल आईनं टेप केली आहे. मासळीच्या खोक्यावर बसून, गवताच्या दाताळ्याच्या दांड्याला मायक्रोफोन बांधून. लोक घरून पातेली आणि लाकडी चमचे घेऊन यायचे, ज्याला वाटेल तो वाजवायचा, आणि तुझा ऑर्गन एकच सूर धरून बसायचा. कानांवर हेडफोन असल्यामुळे आईला कळायचंही नाही की तो सूर आपणही गुणगुणतोय. तू स्वतः मला हे सांगितलं आहेस, हसत हसत. “तुझी आई म्हणजे आमची फुकटची तानपुरेवाली,” हिंदुस्थानची वारी करून आल्यावरचे तुझे शब्द. त्या उन्हाळ्यात मी तिच्या पोटात होते. तो सूर मी आतून ऐकला असणार. हे जरा जास्तच होतंय का? असेल. तरी लिहिते.

टेपच्या डब्यावर तेव्हा कुणाचंच नाव नव्हतं. “नावं धंदेवाले छापतात. आपण सगळे मिळून मोस्सेन,” हे तुमचं तत्त्व. आई त्या तत्त्वावर तुमच्यापेक्षा जास्त विश्वास ठेवायची, म्हणून तिनं कधी नाव लिहिलं नाही. आता त्याच डब्यातून निघालेल्या रेकॉर्डवर चार पुरुषांची नावं आहेत, फोटोंसकट. मी विचारलं तर तू म्हणालास, “अगं, डब्यावर नव्हतंच ना तिचं नाव!”

मी मेल्केरकडे न पुसलेली प्रत मागितली. ठेवलीच नाही म्हणे. मूळ टेप मात्र आहे, तुझ्या घरी, आणि तिचं काय होणार हेही त्यानं उत्साहानं सांगितलं. खास आवृत्ती निघणार. टेपचे बोटभर तुकडे कापून प्रत्येक प्रतीत एक चिकटवणार, खरेदीदारांना आठवण म्हणून. कागदावर तू सही केली आहेस. जिचं बोलणं गेलं, तिचा आवाज या जगात उरलेल्या या एकाच टेपवर आहे, आणि तू ती भोपळ्यासारखी चिरायला दिलीस!

म्हणून हे पत्र. गेल्या रविवारी तू समुद्रावर होतास तेव्हा मी तुझ्या घरी आले. किल्ली नेहमीसारखी दाराबाहेरच्या रबरी बुटातच होती. टेप मी नेली आहे. डब्यात दुसरी ठेवली आहे, जुन्या बाजारातली, जांभळ्या सॅटिनच्या शर्टांतल्या नाचगाण्याच्या बँडची. असल्यांना तू जन्मभर शिव्या घातल्यास. कापून वाटायला तीही तेवढीच तपकिरी दिसते. ही चोरी आहे का, यावर मी बरंच लिहून पाहिलं. आहे. पण लपवणं मला जमत नाही. कंपनीला सांगायचं की गिऱ्हाइकांना सॅटिन वाटायचं, ते तू ठरव. टेप परत मिळणार नाही.

काल ती आईला ऐकवली. तिचा सूर सुरू झाला, तशी तिनं मान वर केली. मला वाटलं, रडेल. नाही रडली. ऑर्गन चढत गेला, आणि तिनं डावा हात उचलून, तळवा खाली करून, हवेत दोनदा दाबला. खोक्यावरून तुला ‘आवाज कमी’ची खूण करायची, तशीच.

हळू, बाबा. तिला स्वतःचं ऐकू येत नाहीये.

तुझीच (हेही खोडलं नाही),
हेड्डा