पडद्यावरची अडतीस घरं

१७ जानेवारी २००६, मंगळवार

आज पडद्यावर सगळा कचरा! दोन दिवस बसून केलेल्या बावीस स्लाइड, आणि पंचायत समितीच्या हॉलमध्ये लावल्या तर एक अक्षर वाचता येईना. ‘ग्रामस्वच्छता’च्या जागी कंस, टिंबं, उलटी प्रश्नचिन्हं, इंग्रजी अक्षरांचा नुसता काला. बीडीओ साहेब हातात छडी घेऊन उभे. समोर साठ ग्रामसेवक. मागून कुणीतरी फिसकन हसलं. आमच्या ऑफिसातले जुने क्लार्क तातेराव भाऊसाहेब कानाशी येऊन म्हणाले, “पोरी, हे काय चिनी लिव्हलंय का?”

घाम फुटला. पण डोकं चाललं! फाइलच बिघडली असती तर फोटोही बिघडले असते. फोटो तर छान दिसत होते. म्हणजे अक्षरं जागेवरच होती, त्या लॅपटॉपला ती ओळखता येत नव्हती — आमचा मराठी फाँट त्यात कुणी टाकलेलाच नव्हता. पळत ऑफिसात गेले, फाँट पेन ड्राइव्हवर घेतला, येऊन कंट्रोल पॅनेलमध्ये टाकला, स्लाइड शो बंद करून परत उघडला. अक्षरं आली! सहा मिनिटं लागली — तातेराव घड्याळ बघत होते.

साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “ही शिवकन्या नसती तर आज आपली फजिती होती.” साठ जणांसमोर! बी.ए. सेकंड क्लास, वर तीन महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स, अकरा महिन्यांच्या करारावरची ऑपरेटर — तिचं नाव घेतलं!

आजपासून हा पेन ड्राइव्ह पर्समधून बाहेर निघणार नाही. फाँट त्यात, सगळ्या फाइलीही त्यात. हरवू नये म्हणून लाल दोरी बांधली.

१९ जानेवारी

घनसावंगीहून एका सरांचा फोन. लॅपटॉपवर दिसतंय, पडद्यावर नुसतं निळं. मी म्हटलं, खाली डावीकडचं एफ-एन बटण दाबून धरा, वरच्या ओळीत छोट्या पडद्याचं चित्र असलेलं बटण शोधा, ते दाबा. पलीकडून ओरडले, “आलं! आलं!”

न बघता दुरुस्त केलं!

२८ जानेवारी, शनिवार

आई पडली. उजाडायच्या आत डबा घेऊन ओढ्याकडं जाते, तिथंच पाय घसरला. गुडघा टम्म सुजलाय. हळद लावून दिली तर मलाच म्हणते, “तू जाय हापिसात. तुझ्यावाचून तिथलं आडून राह्यलं असंल.”

दिवसा जाता येत नाही म्हणून ती दिवसभर पाणीच कमी पिते. हे मला माहीत आहे, आणि माहीत नसल्यासारखं मी वागते. लाज वाटते लिहिताना.

गावात घरं २१४. संडास झाले १७६. राहिलेली अडतीस घरं सगळी आमच्या भीमनगरातली. खड्डे दिवाळीच्या आधीच खणून ठेवलेत, त्यात आता बाभळीचा पाला साचलाय. सामान ‘येऊन राह्यलंय’ — वर्षभर येऊनच राह्यलंय! हे आकडे स्लाइडमध्ये मीच टाइप केले. अडतीसवं घर आमचं.

९ फेब्रुवारी, गुरुवार

मंगळवारी मोठी बातमी कळली! मुंबईहून समिती येणार, जालन्याला. प्रत्येक तालुक्यानं आपलं एक गाव पडद्यावर दाखवायचं. आमच्या तालुक्यातून आमचंच गाव!

पण लॅपटॉप तिथला. आपण फक्त सीडी द्यायची. परत तोच कचरा झाला तर? परवाच्या मीटिंगला फोटोंच्या जागी लाल फुल्या आल्या, तो ताप वेगळाच. दोन दिवस तेच डोक्यात.

आणि आज शोध लावला! प्रत्येक स्लाइडचंच चित्र करून ठेवायचं — सेव्ह करताना तसं सांगता येतं — आणि ती चित्रं नव्या स्लाइडांवर पसरायची. मग फाँट असो नसो, अक्षर जागचं हलत नाही. फुलीबिली काही नाही. तीन वेगळ्या कॉम्प्युटरवर लावून पाहिलं. तिन्हीवर सारखं! खुर्चीतल्या खुर्चीत टाळी वाजवली.

तातेरावांना शंका. “मंग चूक निघाली तर? फोटोतलं अक्षर कसं खोडनार?”

“नाही खोडता येत. मूळ फाइल उघडायची, दुरुस्त करायची, परत चित्र करायचं.”

“म्हंजे मूळ फाइल जपायची.”

“बिलकुल!”

२१ फेब्रुवारी, मंगळवार

जालन्याहून आत्ताच आले. सगळं लिहून काढते.

सकाळी जीपनं निघालो — साहेब पुढं, तातेराव आणि मी मागं. वाटूर फाट्यावर चहा. साहेब जरा लांब गेले तसं तातेराव हळूच म्हणाले, “बाकीचे तालुके शंभर टक्के दाखवून राह्यलेत म्हणं. येकदा शंभर टक्के लागले की गावाची यादी बंद. राह्यलेलं सामान दुसऱ्या गावाला.” मला चहा गोड लागेना.

आमची पाळी यायला अर्धा तास असताना साहेब आलेच. “नऊ नंबरची स्लाइड. एकशे शहात्तर काढ, दोनशे चौदा टाक.”

“साहेब, अडतीस बाकी आहेत.”

“होतील गं. आधी कागदावर होतात, मग जागेवर.”

माझ्या करारावर सही यांचीच असते. तरी म्हटलं, “साहेब, ते आता चित्र आहे. त्यातला आकडा बदलत नाही. मूळ फाइल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर राहिली.”

“मग वर पांढरी पट्टी लाव आणि त्यावर लिही.”

“या लॅपटॉपमध्ये आपला फाँट नाही. मागच्या महिन्यात झालं तेच होईल.”

“इंग्रजी आकडा टाक!”

“सगळं मराठीत आणि तेवढंच इंग्रजीत? ठिगळ दिसेल, साहेब. समितीला विचारायला आयतंच होईल.”

साहेबांनी तातेरावांकडं पाहिलं. तातेराव म्हणाले, “बराबर हाय तिचं. इथं न्हाई होनार.”

फाइल ऑफिसात राहिली त्याला मी तरी काय करणार! माझाच वेंधळेपणा.

आमच्या आधीच्या तालुक्याच्या पडद्यावर चौकोनच चौकोन. त्यांचा ऑपरेटर रडायचा बाकी. मग आमची सीडी. बावीसच्या बावीस स्लाइड स्वच्छ! मागच्या ओळीतूनही वाचता येत होतं, मी मुद्दाम जाऊन बघितलं. नऊ नंबर आला. १७६. बाकी ३८.

समितीतल्या बाईंनी हात वर केला. “हे अडतीस कोण?”

साहेब पुढं झाले. “भीमनगर, मॅडम. मार्चअखेर पूर्ण करतो.”

बाईंनी वहीत लिहून घेतलं. “तीस मार्चला मी स्वतः बघायला येते. राहिलेली घरं दाखवणारी सकाळपासूनची ही पहिलीच स्लाइड आहे.” टाळ्या!

परतीच्या जीपमध्ये साहेब एकदम खुशीत. “मी म्हटलंच होतं, खरा आकडाच ठेवायचा!” तातेराव खिडकीबाहेर बघत खोकले. मीही बाहेरच बघितलं.

११ मार्च

भीमनगरात ट्रॉली आली! संडासाची अडतीस भांडी. मी दोनदा मोजली.

२९ मार्च, बुधवार

आज आमच्या संडासाला दार बसलं. उद्या बाई येणार. आई भरदुपारी गेली, आली, आणि सगळ्यांसमोर तांब्याभर पाणी घटाघटा प्याली.

जालन्याच्या त्या दिवशी या वहीतही खोटं लिहिलं. मूळ फाइल ऑफिसात राहिली नव्हती. फाइल आणि फाँट, दोन्ही माझ्या पर्समध्ये होते. वाटूर फाट्यावर तातेरावांनी पर्स हातात दिली, तेव्हा लाल दोरी बाहेरच लोंबत होती.

सहा मिनिटांचं काम होतं.