उसवलेली बाही

मी, खाली सही करणारी, कोपऱ्यावरच्या शिवणाच्या दुकानाची मालकीण, हे लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. सुई ओवायला आता चष्मा लागतो. माणसं ओळखायला लागत नाही. कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने मी हे लिहीत नाही. लाडीगोडी धाकट्या जाऊबाईंनी करून पाहिली. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. राहतं घर मुलगा आणि मुलगी यांनी निम्मंनिम्मं घ्यावं. मधे भिंत घालू नये. बँकेत जे उरेल ते मुलीचं. तिला दुकान नको, हे तिने तोंडावर सांगितलं. त्याचा मला राग नाही.

२. मोठी कात्री सुनेला. जाऊबाईंनी नेलेली इस्त्री त्यांच्याकडेच राहू द्यावी. मागायला गेलात तर दुपार जाईल.

३. कापड बेतायच्या टेबलाच्या वर, भिंतीला, काळ्या धाग्याने भरलेली चार हिब्रू अक्षरांची पट्टी आहे. ती माझ्या आत्याची. तिने मला शिवण शिकवलं, आणि उतारवयात, जुना धर्मग्रंथ मुळातून वाचायचा म्हणून, हट्टाने हिब्रू शिकली. शब्द ‘मूसार’. कोशात तिने मला अर्थ दाखवले: शिस्त, कानउघाडणी, शिकवण.

“यातला नेमका कोणता?” मी विचारलं.

“तिन्ही. एक ओढून काढलास तर बाकीचे सुटतात.”

तिची रीत अशी: शिकणाऱ्याची शिवण चुकली, तर शिकवणाऱ्याने शेजारी बसून स्वतःच्या हाताने ती उसवायची. शिकणाऱ्याने बघायचं आणि पुन्हा शिवायचं. उसवणं शिवण्याहून कंटाळवाणं. त्यामुळे शिकवणारा उगाच डाफरत नाही आणि दुसऱ्यांदा नीट समजावतो. ही पट्टी दुकानातच राहील.

४. गेल्या थंडीत शिकायला आलेल्या एका बाईंनी, दोन मुलांच्या आईने, जाकिटाचा खिसा उलटा लावला. माझ्या मुलाने ते जाकीट त्यांच्या गळ्यात अडकवून त्यांना दारात उभं केलं. गिऱ्हाइकं हसली.

मी म्हणाले, “काढ ते.”

त्याने पट्टीकडे बोट केलं. “आई, शिस्तच तर लावलीय ना भिंतीवर!”

“तू पहिलाच अर्थ वाचलास.”

“मग काय, चुकल्या म्हणून टाळ्या वाजवू?”

“नको. उसव.”

“मी? मालकाने उसवत बसायचं?”

सुनेने जाकीट घेतलं आणि त्या बाईंच्या शेजारी बसली. बाई दुसऱ्या दिवशी कामावर आल्या. मुलाच्या भरवशावर असत्या, तर आल्या नसत्या.

५. दुकान मुलालाच द्यायचं आहे. पण असंच नाही. कपाटात एक कोट आहे. सोळाव्या वर्षी त्याने तो शिवला आणि डावी बाही उजवीकडे लावली. मी उसवायला बसले, तेव्हा “तुला माझं काही म्हणता काही आवडत नाही,” असं म्हणून तो उठून गेला. त्यानंतर त्याने गिऱ्हाइकं सांभाळली, माल आणला, माणसं हाकली. सुई हातात धरली नाही. दोन्ही बाह्या मी उसवून ठेवल्या आहेत. खडूच्या खुणा नव्या आहेत.

त्या त्याने स्वतः जोडाव्यात. बरोबर की चूक हे सुनेने ठरवावं. चुकल्या तर तिने शेजारी बसून उसवाव्यात. तिने टोमणे मारू नयेत, त्याने उठून जाऊ नये. जमलं की दुकान त्याचं. तोवर किल्ली सुनेकडे. कोर्टात जाऊ नका. तिथे नुसतं उसवतात.

वकील म्हणाले, “बाई, अशी अट टिकेल का?” म्हटलं, “तुम्ही लिहा. दुहेरी टाका घाला.”

६. कोट आता त्याच्या अंगाला होणार नाही, हे मला माहीत आहे. तरी सुई ओवून मी कॉलरला टोचून ठेवली आहे. दोरा लांब घेतला आहे. दोनचारदा चुकला तरी पुरेल.

सही: दुकानाची मालकीण

आमच्यासमक्ष, वाचून दाखवल्यावर सही केली:
साक्षीदार पहिले: शेजारचे घड्याळजी
साक्षीदार दुसऱ्या: औषधांच्या दुकानातल्या ताई

स्थळ: दुकान, बेतायचं टेबल
दिनांक: ९ मार्च