महिन्याची सुई आणि न होणारं भांडण

४ मार्च, मंगळवार

टोचली! डाव्या कुल्ल्यावर. नर्सबाई म्हणाल्या, "सैल सोडा." म्हटलं, बाई, असं सांगितलं की माणूस नेमका ताठ होतो. त्या हसल्या नाहीत. दिवसभर हेच ऐकत असणार.

आता महिन्याला एक सुई. सुईचं औषध अंगात मुरेपर्यंत आणखी दोन आठवडे जुनी गोळी चालू, मग रोजची गोळी बंद. डॉक्टरांना कारण सांगितलं – विसरतो. खोटं नाही. पण खरं कारण बायको! रोज जेवण झालं की ती पाण्याचा ग्लास घेऊन समोर उभी. "तोंड उघड. जीभ वर." शाळेत गणित शिकवते, चोरी तिच्या नजरेतून सुटत नाही. बायपोलर माणसाला गोळी लागते, मान्य. पण मला पहारेकरीण नको. बायको हवी.

५ मार्च

माझा धंदा सोफे दुरुस्त करायचा. स्पंज भरला, कापड ताणलं, की शेवटी स्वतः बसून बघायचं. हीच आमची तपासणी. आज दातांच्या डॉक्टरीणबाईंचा सोफा झाला. बसलो – डावीकडे गाठ! उसवला, स्पंज बदलला, बसलो. गाठ! तिसऱ्यांदा कात्री उचलली तेव्हा भागीदार म्हणाला, "अरे बाबा, गाठ सोफ्यात नाही. तुझ्यात आहे."

दिवस वाया.

९ मार्च, रविवार

मेव्हणा आला होता. सुईचं कळल्यावर म्हणाला, "म्हणजे महिन्याचा रिचार्ज! संपत आला की मेसेज येतो का?" मी पोट धरून हसलो. बायको नाही हसली. ती माझ्या डोळ्यांकडे बघत होती. "झोप नीट झाली ना रे?"

या घरात मोठ्यानं हसलो की तेजी आली, गप्प बसलो की मंदी. मी माणूस नाही, शेअरबाजार आहे.

१३ मार्च

पाय थांबत नाहीत. बसवत नाही – आणि बसणं हाच माझा धंदा! दुकानात नुसत्या येरझाऱ्या. एका गिऱ्हाइकाला वाटलं मी फरशी मोजतोय. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, या औषधानं होतं असं कधीकधी, कळवलंत ते बरं केलंत. चार दिवसांची वेगळी गोळी दिली.

१७ मार्च

पाय जागेवर.

१९ मार्च

रोजची गोळी काल संपली. आज जेवणानंतर ती सवयीनं ग्लास घेऊन आली. दोघंही उभे. शेवटी मी नुसतंच पाणी प्यायलो.

२३ मार्च, रविवार

वाटलं होतं, गोळीबरोबर तिची भीतीही जाईल. नाही गेली.

आम्ही काय भांडायचो पूर्वी! कडाक्याचं. शेजारी टीव्हीचा आवाज कमी करून ऐकायचे. मग एकदा असंच भांडण झालं आणि मी दार उघडं टाकून निघून गेलो. अंगात तेजी. सापडलो तो परक्या गावातल्या बसस्टँडवर, लोकांच्या बसायच्या बाकांचं रेक्झिन फाडून "फुकट दुरुस्ती" करताना. दवाखान्यात तेव्हाचे डॉक्टर तिला म्हणाले, यांना ताण नको. तिनं ते काळजावर कोरून घेतलं. तेव्हापासून मी म्हणेन ती पूर्व दिशा. आजार माझा आणि तोंड बंद झालं तिचं. फार वाईट वाटतं.

२६ मार्च

आज मुद्दाम कळ काढली. ओला टॉवेल पलंगावर टाकला. तिनं मुकाट्यानं उचलला. चहाला गढूळ पाणी म्हटलं. दुसरा करून दिला! शेवटी ब्रह्मास्त्र – "अगदी तुझ्या आईवर गेलीस." नाकपुड्या फुगल्या! मी श्वास रोखून धरला.

"दमला असशील," म्हणाली.

हरलो.

१ एप्रिल, मंगळवार

दुसरी सुई. या खेपेला उजवा कुल्ला, म्हणजे आठवडाभर सोफ्यांना उजवीकडे गाठ.

डॉक्टरांनी विचारलं, काही तक्रार? म्हटलं, "बायको भांडत नाही." शेजारी बसलेली ती लाल झाली. मग म्हणाली, "ताण नको म्हणून सांगितलं होतं ना." डॉक्टर म्हणाले, "अहो, घरातल्या साध्या भांडणाला कुठे बंदी आहे? भांडा की."

बायकोनं पर्समधून पेन काढलं. "आठवड्यातून किती वेळा?"

३ एप्रिल

जेवण झाल्यावर म्हणाली, "आज भांडूया? मला अर्धा तास आहे."

"चालेल. विषय?"

खूप विचार केला तिनं. "तू मोजे कुठेही टाकतोस."

"टाकतो."

"ते... तसं बरोबर नाही."

"नाहीच."

मग आम्ही वाटाणे सोलले.

१३ एप्रिल, रविवार

तिची पेपर तपासायची खुर्ची मधोमध पार बसली होती. दुकानात नेऊन नवा स्पंज भरला, आज दुपारी आणून ठेवली. ती बसली. उठली. आणि सुटली! "विचारलंस मला? तो खड्डा माझा होता! माझ्या मापाचा! सगळ्या जगाच्या खुर्च्या तुझ्या बापाच्या का?" मी म्हटलं, अगं, गुडघे पोटाशी घेऊन बसायचीस त्यात. तर म्हणाली, मी उलटी लटकून बसेन! मग लग्नातली साडी निघाली, माझी आई निघाली, तो टॉवेलसुद्धा निघाला. मीही सोडलं नाही. घसा बसला माझा. एकदाही तिनं माझ्या डोळ्यांत वाकून बघितलं नाही. शेवटी "तोंड बघायचं नाही मला तुझं!" म्हणून आतल्या खोलीत गेली आणि दार आपटून कडी लावली.

आता आतून घोरणं ऐकू येतंय. आणि बाहेरचं दार सताड उघडं. बाई विसरली! तो बसस्टँड झाल्यापासून मी घरात असताना तिनं हे दार कधी उघडं ठेवलेलं नाही.

रडू आलं. मग उठलो आणि दार लावून घेतलं. आतून.