जुई हवी की करंज

आगाशी,
१२ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप जिजाताईस,
गंगारामचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या मुलाने कानाचं नवं यंत्र आणलं आणि तू ते कपाटात ठेवून दिलंस, हे कळलं. ठीक आहे, म्हणजे आपली पत्रं चालू राहतील. तसंही आजचं हे फोनवर बोलता आलं नसतं. मालन सतत समोर असते.

वाडीतली केळी बरी आहेत. विहिरीचं पाणी मात्र यंदा संक्रांतीआधीच मचूळ लागायला लागलं. आजूबाजूला टँकरवाल्यांनी इतका उपसा चालवलाय की आमच्या वाट्याला खारच उरणार.

मुद्द्याचं सांगतो. प्रणवच्या लग्नाचा मांडव ऐसपैस बसावा म्हणून मी अंगणातला चिकू काढला, ते तुला ठाऊक आहे. मांडवाची पहिली मेढ रोवली आणि त्याच आठवड्यात आपला पोरगा हायवेवर अपघातात गेला. एकुलता एक. मेढ मीच उपटली. येत्या मे महिन्यात दोन वर्षं होतील. तेव्हापासून अंगण उघडंबोडकं पडलंय. उन्हाळ्यात जमीन अशी तापते की अनवाणी पाय ठेवता येत नाही, आणि मालन दुपारभर ओटीच्या कडेला उन्हात बसून फाटकाकडे बघत असते, मी खिडकीतून तिच्याकडे.

म्हणून म्हटलं, मधोमध करंज लावू. मचूळ पाण्याला तो दाद देत नाही, गुरं त्याला तोंड लावत नाहीत, चार-पाच वर्षांत बसण्यापुरती सावली धरतो. हिला हवी जुई, आणि तीही फाटकाच्या कमानीवर. जुईचे नखरे काय कमी? गोडं पाणी हवं, आधार हवा, वेळच्या वेळी छाटणी हवी. शिवाय वेलाखाली खाट टाकून कुणी निजतं का? एवढं समजावलं तरी तिचं एकच, अंगणाचा मध्य मोकळा राहू द्या. आणि दर आठवड्याला ते सारवते, लग्नघर असावं तसं.

ताई, मला भीती वाटते. ती अजून त्या मांडवाची वाट बघत असेल तर मी काय करू? तू लिहिलंस तर ऐकेल. माझं ऐकायचं तिने केव्हाच सोडलंय.

रागावलीस तरी चालेल, पण माया आटू देऊ नकोस.

तुझा,
गंगाराम


नाशिक,
२१ जानेवारी २०२५

चि. सौ. मालन हिस,
जिजाताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या नवऱ्याचं पत्र आलं. करंजाने त्याला वकील नेमलंय की काय, अशी शंका आली. तेव्हा जुईचं वकीलपत्र मी घेते, म्हणजे बरोबरी होईल.

जुई लावलीस तर पुढच्या पावसाळ्यात ओंजळभर फुलं नक्की. दिवेलागणीला वास सुटतो, शेजारपाजारच्या पोरी गजऱ्यासाठी फाटकाशी घुटमळतात. करंजाचं तसं नाही. शिशिरात तो पानं टाकणार आणि तू झाडत बसणार. शेंगांचा कचरा वेगळाच. पण चैत्रात त्याची पालवी बघितलीस तर सगळं माफ करशील. फुलं केसांत माळता येतात, सावली माळता येत नाही, हे खरं. मात्र सावलीत बसून भाजी निवडता येते, आल्यागेल्याला बसवता येतं. मला विचारशील तर तुझ्या वयाला आता सावली बरी.

वकिली संपली. आता मोठी नणंद म्हणून लिहिते, आणि हात जड झालाय. मालन, सारवलेल्या अंगणात आपला प्रणव यायचा नाही गं. तू उन्हात बसून डोळे फाटकाकडे लावतेस आणि तो गंगाराम खिडकीतून तुझ्याकडे बघत बसतो. तुम्ही दोघं असेच झिजणार का? त्याला लावू दे ते झाड. जुई काय, कमानीवर नंतरही चढेल.

तब्येतीला जप. नणंदेचा राग मनात ठेवू नकोस.

तुझी,
जिजाताई


आगाशी,
३ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप वन्संना,
मालनचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले आणि मग ते उशीखाली ठेवलं. राग नाही. पण मला वेड लागलंय असं तुम्हा दोघांना वाटतंय, तेवढं दूर करते.

प्रणव यायचा नाही, हे मला कुणी सांगायला नको. त्याचे कपडे मी स्वतः वाटून टाकले. फाटकाकडे बघते ती नेत्रासाठी, प्रणवची नवरी व्हायची होती तिच्यासाठी.

दिवाळीत ती आली होती. हे वाडीत होते. मुलगी वाळून गेलीय. हळद लागायच्या आधीच तिचं सगळं संपलं, आणि वर लोकांनी तिलाच नावं ठेवली, पायगुणाची म्हणून. आता बोरीवलीच्या एका मुलाशी ठरतंय. मुलगा चांगला आहे, त्याला सगळं माहीत आहे. ते सांगायला ती आली होती, जणू माझी परवानगी हवी. म्हणाली, तुम्ही नको म्हणालात तर नाही करणार. मी तिला पोटाशी धरलं.

तिला वडील नाहीत. आई विरारला भाड्याच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर. मांडव घालणार कुठे? मीच म्हटलं, तुझा मांडव आमच्या अंगणात. तुझी हळद मी लावणार. ती रडली आणि हो म्हणाली. म्हणून मला मध्य मोकळा हवा. जुई कमानीवर चढली तर नवरी तिच्याखालून बाहेर पडेल, एवढंच माझ्या मनात होतं. लग्न या मे महिन्यात, तोवर रोप गुडघ्याएवढंच असेल, ते कळतं मला. तरी.

यांना कसं सांगू? तेराव्यालाच यांनी बजावलं, त्या मुलीचं नाव या घरात काढायचं नाही. वन्सं, तुम्ही लिहा. तुमच्यावर हे ओरडू शकत नाहीत.

तुमचा आधार आहे तोवर मी उभी आहे.

तुमची,
मालन


आगाशी,
९ मार्च २०२५

तीर्थस्वरूप जिजाताईस,
गंगारामचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मालनशी बोललो नाही. वाडीत गेलो आणि उगाच केळीची चांगली पानं कापत बसलो. नेत्राचं नाव काढू नका म्हटलं होतं ते तिच्यावरच्या रागाने नव्हे. ते नाव आलं की त्याला जोडून दुसरं नाव येतं, आणि ते मला सोसत नाही. हे मालनला कळलं असेल असं मी धरून चाललो होतो.

तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, जेवायला वाढू का. मी म्हटलं, थांब, मांडववाल्याकडे जाऊन येतो. ती ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली.

आगाशीच्या बाजारातला तोच मांडववाला. मला बघून गडबडला. कोणाचं लग्न, असं जरा भीतभीतच विचारलंन. मी सांगितलं, आमच्या मुलीचं. ताई, बोलून गेलो आणि दुकानाबाहेर येऊन विजेच्या खांबाला धरून उभा राहिलो.

करंज बारगळला. जुई लावली आहे, पिण्याच्या पाण्यातलं तांब्याभर तिला घालतो. मचूळ पाण्याने पानं करपतात. बाईसाहेबांना खूश ठेवायचं तर उपाय नाही. मेढ मात्र मीच रोवणार.

तू यायलाच हवंस. कपाटातलं यंत्र काढ. लोभ वाढव, वाद पुरे झाला.

तुझा,
गंगाराम


नाशिक,
१८ मार्च २०२५

चि. गंगारामास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

यंत्र कानात घालून हे लिहिते आहे. पंख्याचा केवढा आवाज होतो रे! नेत्रासाठी हिरवी साडी घेतली. मालनला सांग, जात्यावरच्या ओव्या मला अजून पाठ आहेत, हळद दळताना मीच म्हणणार. दोघंही नीट जेवत जा. बाकी भेटीत.

ताई


आगाशी,
२ जून २०२५

तीर्थस्वरूप वन्संना,
मालनचा सा. न. वि. वि.

तुम्ही येऊ नका असा नुसता निरोप पाठवला, कारण कळवलं नाही. तुम्ही बॅग भरून बसला होतात. मला क्षमा करा. लिहायला हात उठत नव्हता.

मेढ रोवायच्या आदल्या आठवड्यात नेत्रा आली. मुलाकडच्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं पडलं की ज्या अंगणातून एकदा मेढ उपटावी लागली, तिथे दुसरी रोवायची नाही. आणि जिचा मुलगा असा गेला, तिचा हात हळदीला लागायचा नाही. मुलगा त्यांच्याशी भांडला म्हणे, पण त्याच्या आजीने अन्न सोडलं. नेत्रा म्हणाली, मी हे लग्न मोडते. खरंच मोडलं असतं तिने. तिचे डोळे तसे होते.

मग मीच तिला सांगितलं, हॉलमध्ये कर. म्हटलं, आमच्या अंगणात चिखल होतो, वळवाचा पाऊस कधीही येईल, हॉलच बरा. तिला पटलं नाही, पण गेली. हे ओटीवर होते. सगळं त्यांच्या कानावर पडलं. बांबू आले होते ते परत पाठवले.

लग्नाला गेलो. मागच्या रांगेतून अक्षता टाकल्या. स्टेजवरून ती मान उंच करून आम्हाला शोधत होती. मी पुढे गेले नाही. तुमची हिरवी साडी तिच्या आईकडे दिली आणि जेवून आलो. मठ्ठा चांगला होता.

काल सकाळी मी पहार घेतली आणि अंगणाच्या मध्यावर खड्डा काढला. यांना म्हटलं, तुमचा करंज आणा. मला वाटलं, यांना बरं वाटेल. इतके दिवस यांचाच तो हट्ट होता. रोप आणलं, पण पिशवी फाडेनात. म्हणाले, पाऊस नीट लागू दे. मग म्हणाले, आपण जुईच वाढवू, अंगण राहू दे मोकळं, कुणाच्या ना कुणाच्या मुलीच्या उपयोगी पडेल. वन्सं, यांना एवढी आशा होती हे मला माहीत नव्हतं. मी एकटीच धरून बसले आहे, असं समजत होते.

शेवटी रोप मी हातातून काढून घेतलं आणि लावलं. माती दाबली, पाणी घातलं. हे ओटीवर तोंडावर पंचा घेऊन बसले होते. मी त्यांना हाक मारली नाही.

जुईचा वेल कमानीच्या खांबाला लागलाय. तिला मी पाणी घालते, तिचा काय दोष. करंज वीतभरच आहे, पण मधोमध आहे. या अंगणात आता मांडव बसायचा नाही.

येऊन जा, वन्सं. बसायला अजून सावली नाही, पण या.

तुमची,
मालन