एका पायातला वाळा

ता. ६ सप्टेंबर १८८५, रविवार. ठाणे.
वाचनालयापुढे व्याख्यान. विषय : ब्रह्मदेशचा राजा व त्याच्या प्रजेचे हाल. दीड तास बोललो. घसा बसला.
अंताजीपंतांनी मुंबईहून आणलेली पत्रं हाताशी होती. ते सरकारी भाषांतरकार. मंडालेच्या कुणा व्यापाऱ्याची पत्रं मराठीत उतरवून मला देतात, मोबदला घेत नाहीत. लोक विचारतात, मिठावरच्या कराविरुद्ध ओरडणारा तू, आज सरकारच्या सुरात कसा? जुलूम तो जुलूम. त्याला गोरा-काळा रंग नाही.
पण पत्रं कोरडी. लोक जांभया देऊ लागले. तेव्हा डोळ्यांपुढे एकदम ती उभी राहिली आणि बोलून गेलो, "राजवाड्याच्या दारात एक बाई मरून पडली आहे. एका पायात चांदीचा वाळा, दुसरा पाय उघडा. दुसरा वाळा शिपायाच्या मुठीत!" पुढच्या रांगेतले म्हातारे वकील डोळे पुशीत होते.
पत्रात अशी बाई नाही.

ता. ७.
सौ.ने माजघरातून माझी उजळणी ऐकली होती, तीत ही बाई नव्हती; नि काल सभेत काय झालं तेही शेजारणींकडून कळलं. ताक वाढताना म्हणाली, "कळव्याच्या मथीला मारणं झालं म्हणे?"
मथी दर शनिवारी मीठ घेऊन दारी येते. तिचा एक वाळा मिठागराच्या चिखलात गेला. उरलेला एकच घालून हिंडते.
म्हटलं, "अगं, दृष्टांत तो."
"दृष्टांतच. पण आता मीठ कुणाकडून घ्यावं?"
हसलो. तरी जेवण गेलं नाही.

ता. २० सप्टें., रवि.
अं. आले. नेहमीप्रमाणे बैठकीच्या काठावर बसले, पाणीसुद्धा नको म्हणाले. माझं व्याख्यान त्यांना शब्दन् शब्द पाठ. मी विसरलेली वाक्यंही म्हणून दाखवली, माझ्याच आवाजाच्या चढउतारासकट. सभेत ते मला दिसले नव्हते.

ता. ११ ऑक्टो., रवि.
अं.नी नवी जबानी आणली. मंडालेची एक मोलकरीण सांगते : राजवाड्याच्या दारात माझी बहीण पडली होती, एका पायात वाळा, दुसरा पाय उघडा, दुसरा वाळा शिपायाच्या मुठीत.
म्हटलं, "पंत, हे मी मनाचं बोललो होतो."
"वाणी सिद्ध असली की असं होतं," अं. हळूच म्हणाले.
खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. रात्रभर बरं वाटत राहिलं.

ता. १३.
कोर्टात एका कोळणीचं खरेदीखत माझ्यापुढे आलं. खाली कारकुनाने नेहमीसारखं काढलेलं : निशाणी बांगडी. लिहिता न येणाऱ्या बाईची सही म्हणजे बांगडी, कुणब्याची नांगर. वकिलीत आयुष्य गेलं हे बघण्यात.
हात तिथेच थांबला. घरी येऊन जबानी उघडली. शेवटची ओळ : निशाणी बांगडी.
मंडालेच्या बाईने आपल्या तालुक्याची बांगडी कुठून काढली? हे भाषांतर नव्हेच. इथल्याच कुणा कारकुनाने, इथल्याच टेबलावर, हाताच्या सवयीने.
ब्रह्मदेशच्या बायका पायात काय घालतात हे मलाही ठाऊक नाही.

ता. १८, रवि.
अं. जबानी परत न्यायला आले. उसना कागद, नाही कसं म्हणणार? आधीच नक्कल करून ठेवली होती. ते गेल्यावर लक्षात आलं की आता ती जबानी माझ्या अक्षरात आहे.
जाताना दारात म्हणाले, "१ तारखेच्या तुमच्या कल्याणच्या सभेत ठराव होईल ना? राजाला काढा, अशी प्रजेचीच मागणी गेली की वरच्यांना बरं पडतं." मुंबईत फौजेच्या बोटी भरताहेत. लढाई. माझ्या वाक्यावर!

ता. २४, शनि.
मथी आली. सौ.ने तिला ओटीवर बसवलं. मी सगळं सांगितलं. ती पाटीवर हात आपटून हसली. "मना मारली? वाला गेला खारीन. पाय त हाय ना!"
ठरलं. १ तारखेला कल्याणला मथीला व्यासपीठावर उभी करायची, त्या एका वाळ्यासकट. म्हणायचं, ही पाहा तुमची मंडालेची मेलेली बाई. हिला मी मारली. ठराव मोडायचा. अब्रू जाईल. जावो.
अं.ना पत्र टाकलं : आपला पक्ष खोटा आहे, मी तो भर सभेत, कळव्याच्या मथीला तिच्या एका वाळ्यासकट उभी करून, खोडणार. प्रतिपक्षाला आधी कळवल्यावाचून मी कधी दावा लढलो नाही. सौ. म्हणाली, "चोराला का कुणी नोटीस देतं?"

ता. २९.
अं.चं उत्तर नाही.

ता. ३१, शनि.
मथी आली. अंगणातच आवाज ऐकला. चालताना दोन वाळे एकमेकांना घासतात तो आवाज. तिचा तसा कधी येत नसे.
दोन्ही पायांत नवे, लखलखीत.
"एक बामन आलता आपले घरा. जुना एकला घेतला नि नवा जोर दिला. येरा का खुला!" त्या वेड्या बामणाला हसत पाय पुढे करून दाखवत होती.
"बसला होता?" विचारलं.
"काठावं. पानी पन नाय पेला."
सौ. उठून आत गेली.
जुना वाळा आता कुठे असेल? बोटीत असेल. मंडालेला सापडेल.

ता. १ नोव्हें., रवि. सकाळ.
अकराच्या गाडीने कल्याण. मथी येणारच म्हणते, नवे वाळे घालून. कल्याण बघायचं आहे तिला. सौ.ने तिच्यासाठी भाकरी बांधली. मला म्हणाली, "वाळा नसला तरी जीभ आहे ना?"
आहे. पण कळव्याची ही बाई दोन्ही पायांनिशी उभी राहील, आणि मी म्हणेन, हिचा एक वाळा नव्हता. कोण मानील? पुरावा मागतील तर माझ्याजवळ एक जबानी, माझ्याच अक्षरातली.
मघाशी आत उजळणी करीत होतो. "बंधुहो, ती बाई मी रचली," एवढंच वाक्य. तीनदा म्हटलं. तिन्ही वेळा पुढचं वाक्य आपोआप तोंडात आलं : एका पायात चांदीचा वाळा, दुसरा पाय उघडा.
मथी ओटीवर आली आहे. वाळे वाजताहेत. निघतो.