सोनगीरच्या घराचे तास

६ जाने. ९२, धुळे
ऑफिस सोडल्यावरचं पहिलं मोठं काम. सोनगीरच्या नानांच्या घराचा नकाशा. तासावर पैसे ठरलेत. ऑफिसात शेजारी बसणारा देवरे म्हणाला, "खोलीला कुलूप लावलं की घड्याळ सुरू. एस.टी.तला वेळसुद्धा लाव." पटत नाही. एस.टी.त मी नुसती बाहेर बघत बसते. ते काय काम?

११ जाने.
सोनगीर. नानांची बायको, अक्का, दिवाळीआधी वारली. मुलगा सुरतेला. स्वयंपाकघर पूर्वेला हवं, अक्काची इच्छा. सांगून झालं पटकन. मग अक्का कशी हसायची, कशी रुसायची, तेच. पेन्सिल हातात तशीच.
परतल्यावर रेडिओ लावला. खोलीत कुणीतरी बोलायला हवं.

२ फेब्रु.
नानांचा पुन्हा निरोप, खिडकी सरकवायची. गेले. गप्पांत शेवटची एस.टी. आली, खिडकी जागच्या जागी. त्यांना काही बदलायचं नव्हतंच. मला मागच्या खेपेलाच कळलं होतं. तरी गेले. एरवी बोलते कुणाशी? दूधवाल्याशी.

१६ फेब्रु.
नकाशा पुरा. बिल दिलं, फक्त ड्रॉइंग बोर्डावरचे तास. नानांनी चष्मा लावून वाचलं.
"तू मना संगे बसनी, तो येळ कोठे शे?"
"ते काम नव्हतं, नाना."
"मंग काय व्हतं?"
मी कीव करून बसले असं वाटलं असेल त्यांना. ते तास घालून आण म्हणून कागद परत दिला. "पुरं करीसन लई येजो." निरोप द्यायला उठले नाहीत.

२० फेब्रु.
बिल घेऊन दुपारभर बसले. ते तास लिहावेत तर मी पैसे घेऊन ऐकणारी बाई. न लिहावेत तर नाना बिल घेणार नाहीत. घरमालक भाड्यासाठी दोनदा येऊन गेला. आणि काम संपलं म्हणजे सोनगीरही...

२३ फेब्रु., रवि.
नाना ओट्यावर होते.
"बिल लयनी का?"
"नाही. ठरत नाही अजून."
"मंग कसाले उनी?"
"अशीच."
मग काठी घेऊन उठले. "चाल, पायो दखाडस तुले." चर खणून झालेत. स्वयंपाकघराच्या जागेत दोघं उन्हात उभे राहिलो. अक्काचं नाव त्यांनी काढलं नाही. मला विचारलं, तुझ्या घरी कोण कोण? मी सांगत बसले.
बिलाचं राहिलंच.