शिकणाऱ्याचा वाटा

कोची

आये,

पाया पडतंय. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही म्हणून लिहिते. नम्रतावैनीकडून वाचून घे.

मी बरी आहे. बांगडा रोज मिळतो, फक्त कालवणात तिरफळं घालत नाहीत. इंजिन-दुरुस्तीच्या वर्गात मुलगी मी एकटीच. सुरुवातीला मुलं मला नुसते पाने पुसायला द्यायची. आता बोटीचं इंजिन सुटं करून मी एकटी परत जोडते.

गावचा मच्छीमार संघ रापणीच्या जाळ्यात आलेल्या मासळीतला एक वाटा माझ्या फीसाठी काढतो, आणि त्याबदली आपल्या घरातून तू किनाऱ्यावर जाळ्याची दोरी ओढायला जातेस. गुडघा कसा आहे? बरा आहे म्हणू नकोस, खरं सांग.

इथल्या एका कारखान्याने मला नोकरी विचारली आहे. पगार चांगला आहे. संघाच्या कागदावर गावात परत येण्याची अट कुठेच नाही, मी दोनदा वाचून पाहिलं. सही घेताना संघाच्या बाबलीकाकांनी फक्त विचारलं होतं, "परत येतलंस मां गो?" मी तेव्हा नुसती हसले होते.

त्यांना सांग, संघाचं बंद पडलेलं इंजिन भंगारात देऊ नका. मे महिन्यात कोर्स संपला की मी परत येतलंय.

तुझी,
योगिनी